ज्या बोलण्याची नोंद नाही: सातारा-सांगलीतल्या समुपदेशनाचा इतिहास शोधताना

पीएचडीचा विषय पहिल्यांदा मांडला तेव्हा माझ्या मार्गदर्शकांनी फारसं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "विषय बरा आहे, पण तुझी कागदपत्रं कुठे आहेत?"

विषय होता सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या समुपदेशनाचा इतिहास. त्यातही एकास एक समुपदेशनाचा. म्हणजे एक माणूस दुसऱ्यासमोर बसतो, त्याचं ऐकतो, त्याला त्याच्या अडचणीतून वाट काढायला मदत करतो, त्या कामाचा. मला वाटलं, संस्था आहेत, तीस-पस्तीस वर्षांचं काम आहे, म्हणजे कागद असणारच. कागद होते. रजिस्टरं होती. रजिस्टरात तारीख, वय, गाव, स्त्री/पुरुष असे रकाने, आणि शेवटी 'शेरा' असा एक अरुंद रकाना. त्या रकान्यात पानोपानी दोनच शब्द: 'समुपदेशन केले.'

केलं म्हणजे काय केलं? कुणी काय विचारलं, समोरच्यानं काय सांगितलं, किती वेळ गप्प बसले, रडणं थांबायला किती वेळ लागला, यातलं काहीच नाही. मला ज्याचा इतिहास लिहायचा होता, तो नेमका त्या दोन शब्दांच्या मागे होता. हे का घडतं आणि अशा वेळी संशोधकानं काय करायचं, याबद्दल आज लिहितोय. तुमच्यापैकी जे कुणी आरोग्य, कुटुंब, स्त्रिया, व्यसन अशा विषयांवर काम करायचं ठरवत असतील, त्यांना या अडचणीला कधी ना कधी तोंड द्यावं लागेल.

आधी शब्दाचं बघू. 'समुपदेशन' या शब्दात 'उपदेश' दडलेला आहे, आणि गंमत म्हणजे या कामात पहिल्याच दिवशी शिकवतात ते हे, की उपदेश करू नका. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांचं 'काउन्सेलिंग अँड सायकोथेरपी' हे पुस्तक १९४२ साली आलं. समोरच्याला 'पेशंट' न म्हणता 'क्लायंट' म्हणायचं, त्याला दिशा दाखवण्याची घाई करायची नाही, त्याचं त्याला सापडू द्यायचं, अशी त्यांची मांडणी. आपल्याकडे मात्र अडचणीतला माणूस वडीलधाऱ्याकडे जातो तो सल्ला घ्यायलाच. जसवंतसिंग नेकी या भारतीय मनोविकारतज्ज्ञांनी १९७३ साली हाच मुद्दा धरला होता. भारतात उपचार करणारा आणि उपचार घेणारा यांच्या नात्याला गुरू-चेल्याच्या नात्याचा नमुना जास्त जवळचा आहे, असं त्यांचं म्हणणं. रॉजर्स खरे की नेकी, हा वाद इथं सोडवायचा नाही. पण साताऱ्या-सांगलीत जे घडलं ते या दोघांच्या मधे कुठंतरी घडलं, एवढं लक्षात ठेवा.

'क्लायंट'ला मराठीत काय म्हणायचं तेही ठरलेलं नाही. 'अशील' वकिलांनी कधीच नेलाय. सरकारी योजनेत तो 'लाभार्थी' होतो. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात 'रुग्णमित्र' म्हणतात. स्किझोफ्रेनियासाठी काम करणाऱ्यांनी 'शुभार्थी' हा शब्द रुळवला आणि सांभाळणाऱ्याला 'शुभंकर'. एखाद्या कागदावर यातला कुठला शब्द आहे, त्यावरून तो कागद कुठल्या परंपरेतून आलाय याचा अंदाज बांधता येतो. कागद कमी असले की शब्दच आपली साधनं होतात.

आता जागेचं. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. साताऱ्यात नाही, सांगलीत नाही. घरातल्या माणसाचं मन बिघडलं तर त्याला पुण्याला न्यायचं, नाहीतर घाट उतरून रत्नागिरीला. ते शेवटचं टोक झालं. त्याच्या अलीकडे काय होतं? देवरुषी होता. दर्गा होता. वाईजवळच्या मांढरदेवीचा डोंगर होता, जिथं पौष पौर्णिमेच्या जत्रेत अंगात येणाऱ्या बायकांची गर्दी असते. (याच जत्रेत २५ जानेवारी २००५ रोजी चेंगराचेंगरी होऊन जवळपास तीनशे माणसं गेली. त्या दिवसामुळे मांढरदेवी राज्यभर ठाऊक झाली, पण लोक तिथं काय घेऊन जातात याची चौकशी फार कुणी केली नाही.) 'लागीर झालंय', 'बाहेरचं आहे', 'करणी केलीय' ही मनाच्या त्रासाची या भागातली जुनी भाषा आहे. तिला नुसती अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारलं तर इतिहासकाराचं नुकसान होतं, कारण माणसं आपला त्रास त्याच भाषेत सांगत होती. सुधीर कक्कर यांनी १९८२ सालच्या 'शामन्स, मिस्टिक्स अँड डॉक्टर्स' मध्ये भारतभरच्या अशा उपचारकांकडे गंभीरपणे पाहिलं ते याचसाठी.

या पार्श्वभूमीवर एक नाव येतं, आणि त्याला वगळून या दोन जिल्ह्यांचा हा इतिहास लिहिताच येत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर. जन्म १९४५, शाळा सातारची न्यू इंग्लिश स्कूल, कॉलेज सांगलीचं विलिंग्डन, एमबीबीएस मिरजेला. दोन्ही जिल्हे त्यांच्या शिक्षणातच शिवलेले. साताऱ्यात बारा वर्षं डॉक्टरकी करून ते सामाजिक कामाकडे वळले आणि १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी राहिली. तिचं मासिक, 'अंधश्रद्धा निर्मूलन वार्तापत्र', सांगलीहून निघत आलंय. लोकांच्या डोळ्यांसमोर अंनिस म्हणजे चमत्काराचं प्रात्यक्षिक: नारळातून करणी काढणं, हवेतून अंगारा काढणं, आणि मग त्यामागची हातचलाखी उघडी करणं. भर चौकात, शे-दोनशे लोकांसमोर. समुपदेशनाशी याचा काय संबंध, असं मलाही सुरुवातीला वाटलं.

संबंध भानामतीच्या प्रकरणांत सापडला.

भानामती म्हणजे काय ते आपल्याकडच्या वाचकाला सांगायला नको. घरावर दगड पडतात. पेटीतले कपडे कातरलेले निघतात, दोरीवरचं लुगडं आपोआप पेटतं, जेवणात घाण येते. घर हवालदिल होतं, गाव बघायला जमतं, देवरुषाचा खर्च वाढत जातो. अंनिसचे कार्यकर्ते अशा घरी बोलावल्यावर जायचे. त्यांची भूमिका पक्की होती: यामागे कुठलीही अदृश्य शक्ती नाही, घरातलंच किंवा घराजवळचं कुणीतरी माणूस हे करतंय. बहुतेक वेळा ते असं माणूस असतं, ज्याला घरात आवाज नाही. नव्यानं आलेली सून, शाळा सुटलेली मुलगी, सतत मार खाणारा मुलगा. जे बोलता येत नाही ते दगडानं बोललं जातं.

त्यांची पद्धत नीट पाहा. आधी आलेली गर्दी घालवायची. घरच्यांकडून कबूल करून घ्यायचं की आता मांत्रिक-देवरुषी बंद. मग घरातल्या प्रत्येक माणसाशी वेगवेगळं, एकट्यानं बोलायचं, म्हाताऱ्यापासून लहान पोरापर्यंत. इतरांनी दाराशी थांबायचं नाही. बोलताना त्रासाबद्दल विचारायचं: घरात कसं चाललंय, झोप लागते का, कुणावर राग आहे का. या बोलण्यात ते माणूस बहुधा सापडायचं, आणि पुष्कळदा स्वतःच कबूल करायचं. त्याला विश्वास द्यायचा की हे थांबव, तुझं नाव बाहेर जाणार नाही. मग घरच्यांना सांगायचं की उद्यापासून दगड पडणार नाहीत. घरचे विचारणारच: कोण होतं? उत्तर द्यायचं नाही.

मी जेव्हा हे पहिल्यांदा सलग वाचलं तेव्हा मासिक बाजूला ठेवून थोडा वेळ नुसता बसलो. एकांत, प्रत्येकाची वेगळी मुलाखत, दोष न देता ऐकणं, गुप्ततेचं वचन. समुपदेशनाच्या अभ्यासक्रमात पहिल्या सत्रात जे शिकवतात ते सगळं इथं आहे, आणि ते करणारे शिक्षक, कारकून, दुकानदार, शेतकरी आहेत. मानसशास्त्राची पदवी बहुतेकांकडे नाही. ते आले होते भूत नाही हे सिद्ध करायला. पण भूत नाही हे सिद्ध करायचं तर आधी त्या घरातल्या सगळ्यात गप्प माणसाशी बोलावं लागतं.

इथं मला माझं मत जरा स्पष्ट सांगू द्या, कारण चळवळीबद्दल लिहिताना आरती ओवाळायचा मोह होतो. ही पद्धत निखळ समुपदेशनाची नाही. तिच्यात तपासनीसाचाही एक चेहरा आहे. कार्यकर्ता घरात शिरतो तेव्हा त्याचं उत्तर अर्धं ठरलेलं असतं. समोरची मुलगी त्याच्याकडे स्वतःहून आलेली नाही, तिला पकडायला तो आलाय. आणि मग प्रश्न उभा राहतो की त्याचा क्लायंट कोण? ज्यानं बोलावलं तो घरचा कर्ता, की जिनं कबुली दिली ती सून? आजच्या समुपदेशकांनाही हा प्रश्न सुटलेला नाही. आईबाप मुलाला घेऊन येतात, फी आईबाप देतात, आणि मुलगा खोलीत सांगतो ते आईबापांना सांगायचं का? अंनिसच्या कार्यकर्त्यांनी भानामतीत याचं उत्तर सुनेच्या बाजूनं दिलं. नाव सांगायचं नाही. ते सांगितलं असतं तर त्या सुनेचं काय झालं असतं, हे त्या भागात राहणाऱ्या कुणालाही कळेल. मार पडला असता, नाहीतर माहेरी धाडली असती, कायमची.

पण पुढं काय? दगड थांबले, सुनेचा जाच थांबला का? प्रकरणांचे जे वृत्तांत छापले जातात ते बहुधा 'प्रकार बंद झाला' इथं संपतात. सहा महिन्यांनी पुन्हा त्या घरी कुणी गेलं का, हे क्वचितच कळतं. चळवळीच्या दृष्टीनं गोष्ट पूर्ण झालेली असते. त्या बाईच्या दृष्टीनं ती तिथं सुरू होत असावी. माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण या फटीवरच उभं आहे.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हे आता गुन्हे आहेत. याची गरज किती होती ते ६ ऑगस्ट २००१ च्या एरवाडीवरून कळतं. तमिळनाडूतल्या त्या गावी दर्ग्याजवळच्या आश्रमाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले अठ्ठावीस मनोरुग्ण जळून गेले. आता कायद्यानं देवरुषाला आवर बसतो, हे खरं. पण ज्या बाईला घेऊन घरचे देवरुषाकडे निघाले होते, तिला नेऊन बसवायचं कुठं? साताऱ्यात याचं उत्तर शोधण्याचं काम दाभोलकरांचे चिरंजीव, मनोविकारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर आणि 'परिवर्तन' संस्था करत आलेत. साध्या माणसांना भावनिक प्रथमोपचार शिकवायचा, गावातल्या गावात ऐकणारं कुणीतरी तयार करायचं, गरज पडली तर डॉक्टरपर्यंत पोचवायचं. अशा माणसाला 'मानसमित्र' म्हणतात. भानामतीच्या घरी जाणारा कार्यकर्ता आणि मानसमित्र यांच्यातलं नातं मला तरी सरळ दिसतं. फरक एवढाच, की मानसमित्राला काही सिद्ध करायचं नसतं.

'परिवर्तन'ची दुसरी बाजू व्यसनमुक्तीची, आणि समुपदेशकाला खरी नम्रता शिकवली ती या कामानं, असं माझं वाचन आहे. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून. तिथली रीत पुढं राज्यभर झिरपली: औषधानं अंगातलं विष उतरवणं हा लहान भाग, मोठा भाग बोलण्याचा. गटात आणि एकट्याशी. भानामतीत एकदा कबुली मिळाली की काम झालं असं वाटू शकतं. दारूत कबुली काही कामाची नसते. पिणारा माणूस पहिल्याच दिवशी हात जोडून सगळं कबूल करतो, शपथ घेतो, आणि महिन्यानं परत येतो. समुपदेशकाला तेच माणूस पाचव्यांदा दारात दिसतं, आणि पाचव्यांदाही पहिल्यासारखं बसवून घ्यावं लागतं. 'एवढं सांगूनही' हे शब्द तोंडातून निघाले की संपलं. उपदेश का चालत नाही, हे रॉजर्स न वाचताही इथं कळतं.

आता सांगली. वाट वेगळी, पण पोचते जवळपास तिथंच.

भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण १९८६ साली चेन्नईत सापडले. १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना झाली, आणि त्याच वर्षी सांगलीत संपदा ग्रामीण महिला संस्था, म्हणजे 'संग्राम', सुरू झाली. मीना सेषू यांच्या पुढाकारातून. गोकुळनगर ही सांगलीतली वस्ती, तिथं धंदा करणाऱ्या बायका, त्यातल्या कितीतरी सीमेपलीकडच्या कर्नाटकातून आलेल्या, देवदासी परंपरेतल्या. काम सुरू झालं निरोध वाटण्यापासून. पण निरोध वाटताना बायका बोलायला लागल्या, आणि लवकरच असं लक्षात आलं की बाहेरून येणाऱ्या शिकलेल्या ताईपेक्षा शेजारच्या खोलीतल्या बाईला त्या जास्त सांगतात. मग त्याच बायका हे काम करू लागल्या. १९९६ साली त्यांची स्वतःची संघटना झाली: वेश्या अन्याय मुक्ती परिषद, 'व्हॅम्प'.

इथं समुपदेशनाची खोलीच नाहीशी होते, बघा. पुस्तकातलं समुपदेशन म्हणजे दोन खुर्च्या, बंद दार, भिंतीवर घड्याळ. गोकुळनगरात ते उंबऱ्यावर होतं, नळावर होतं, पोलीस येऊन गेल्यानंतरच्या अर्ध्या तासात होतं. ज्या बाईला नुकतंच कळलंय की आपल्याला 'ते' आहे, तिच्याशेजारी जी बसते तिलाही कदाचित 'ते' असतं. ती काय सांगते? औषध, तपासणी, दवाखान्यात कुणाशी बोलायचं हे सांगते. पण सगळ्यात आधी ती तिथं जिवंत बसलेली असते, हेच मोठं सांगणं. मोफत एआरटी औषधं सरकारनं एप्रिल २००४ मध्ये सुरू केली. त्याआधीच्या वर्षांत सांगण्यासारखं औषध हाताशी नव्हतं. त्या वर्षांत शेजारी बसण्याखेरीज फार काही देता येत नव्हतं, आणि माझ्या दृष्टीनं या सगळ्या इतिहासातला सर्वांत कठीण काळ तोच.

सरकारी बाजूला याच काळात समुपदेशक हे पगारी पद जन्माला आलं. १९९७ पासून एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणीची केंद्रं सुरू झाली, २००६ नंतर ती आयसीटीसी म्हणून ओळखली जाऊ लागली. तालुक्याच्या ठिकाणी सरकारी दवाखान्यात 'समुपदेशक' अशी पाटी लोकांनी पहिल्यांदा पाहिली ती बहुतेक याच केंद्रांमुळे. तपासणीआधी बोलायचं, नंतर बोलायचं, निकाल फक्त त्याच माणसाच्या हातात द्यायचा. नियम उत्तम. पण बाहेर रांग लागलेली आणि महिन्याचा आकडा भरायचा असला की दहा मिनिटांत काय होतं? 'शेरा' रकान्यातले ते दोन शब्द मी पाहिले ते अशाच रजिस्टरात.

आणि एक प्रसंग, जो माझ्या मते समुपदेशनाच्या इतिहासात यायलाच हवा, जरी तो पैशांचा वाटला तरी. २००५ साली अमेरिकी सरकारच्या मदतीला एक अट होती: मदत घेणाऱ्या संस्थेनं वेश्याव्यवसायाच्या विरोधात असल्याचं लिहून द्यायचं. संग्रामनं ते लिहून दिलं नाही आणि पैसे सोडले. आता विचार करा, समुपदेशनाशी याचा काय संबंध? माझ्यासमोर बसलेल्या बाईला मी सांगतोय की तुझ्या जगण्याचा न्याय करायला मी इथं आलेलो नाही, आणि त्याच दिवशी माझ्या संस्थेनं कुठंतरी सही केलीय की हिचं जगणं चूक आहे. त्या सहीनंतर ते बोलणं खोटं पडतं. 'समोरच्याचा न्याय न करणं' हे पुस्तकात एका ओळीचं तत्त्व असतं. सांगलीत त्याची किंमत रुपयांत मोजावी लागली. वेश्याव्यवसायाबद्दल तुमचं मत काहीही असो (स्त्रीवादी मांडणीतही यावर कडाक्याचे मतभेद आहेत, आणि ते मी प्रबंधात टाळलेले नाहीत), समुपदेशनाचा इतिहासकार म्हणून मला तो निर्णय महत्त्वाचा वाटतो.

मग या सगळ्याचे कागद का नाहीत? तुलनेसाठी शेजारी गोव्यात चला. तिथं १९९६ साली स्थापन झालेल्या 'संगाथ'नं स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन दवाखान्यांत समुपदेशक म्हणून बसवलं, आणि नैराश्यावर त्याचा उपयोग होतो का हे रीतसर ट्रायल करून तपासलं. बारा सरकारी आणि बारा खाजगी दवाखाने, निष्कर्ष २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये. पदवी नसलेली माणसंसुद्धा नीट शिकवलं तर चांगलं समुपदेशन करू शकतात, ही गोष्ट जगानं अशा अभ्यासांमुळे मान्य केली. गोव्यात माहितीपुस्तिका आहे, सत्रांची संख्या आहे, आकडे आहेत. साताऱ्या-सांगलीत तीच गोष्ट आधीपासून होत होती, पण कुणी ट्रायल केली नाही, कारण करणाऱ्यांना आपण समुपदेशन करतोय असंच वाटत नव्हतं. ते अंधश्रद्धा निर्मूलन करत होते, निरोध वाटत होते, दारू सोडवत होते.

दुसरं कारण जास्त खोलातलं. या सगळ्या कामांचा कणाच गुप्तता हा होता. नाव सांगायचं नाही, या एका वचनावर भानामतीचं सगळं काम उभं. व्यसनमुक्तीच्या गटात ऐकलेलं गटातच ठेवायचं. एचआयव्हीचा निकाल तर बाहेर गेला की संसार मोडायचा. म्हणजे काम जितकं प्रामाणिक, तितका कागद कोरा. आपण इतिहासाचे विद्यार्थी कोरा कागद दिसला की हळहळतो, दुर्लक्ष झालं म्हणतो. इथं कागद कुणीतरी काळजीनं कोरा ठेवलेला आहे.

हे मला शहाणपणानं कळलं नाही, चूक करून कळलं. एका केंद्रात (नाव, गाव सांगत नाही) मी एका ज्येष्ठ समुपदेशक बाईंकडे जुन्या नोंदवह्या मागितल्या. नुसत्या आकड्यांच्या नाहीत, त्यांच्या स्वतःच्या. मला ठाऊक होतं की त्या लिहून ठेवत असत. मी मोठ्या उत्साहात म्हणालो की नावं काळी करून फोटो काढतो. त्यांनी शांतपणे विचारलं, गावाचं नाव, जात, किती मुलं, नवरा कशानं गेला, एवढं वाचल्यावर त्या तालुक्यातल्या माणसाला नाव लागतं का? माझ्याकडे उत्तर नव्हतं. वह्या मी पाहिल्या नाहीत. परत येताना एसटीत मला स्वतःचा राग आला होता. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, मे २०१८ पासून लागू झालेला. त्यातलं कलम २३ गोपनीयतेचं, ते मी नैतिकता समितीच्या अर्जात स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. एचआयव्ही-एड्स कायद्याचाही उल्लेख केला होता. अर्जात लिहिलं आणि दारात विसरलो.

त्यानंतर मी पद्धत बदलली. क्लायंटची गोष्ट मागत नाही, समुपदेशकाची रीत विचारतो. तुम्ही कुठं बसायचात? खाली की खुर्चीवर? सासू उठून जात नसेल तर काय करायचात? पहिला प्रश्न कुठला? रडायला लागलं तर पाणी द्यायचं की नाही? माणूस खोटं बोलतंय हे कळल्यावर काय? ऐकून घरी गेल्यावर तुम्ही कुणाशी बोलायचात? हा शेवटचा प्रश्न विचारला की बहुतेक जण थांबतात. भानामतीची प्रकरणं हाताळलेल्या कार्यकर्त्यांना घरी बायकोलाही नाव सांगता येत नसे. आजच्या समुपदेशकाला सुपरव्हिजन असतं, म्हणजे आपल्या कामाबद्दल बोलायला वरिष्ठ असतो. यांना कुणी नव्हतं. तीस-तीस वर्षं लोकांची गुपितं पोटात ठेवून ही माणसं नोकऱ्या करून रिटायर झाली.

बाकी साधनांचं थोडक्यात. छापील वृत्तांत वाचताना मी आता तीन रंगांच्या पेन्सिली वापरतो: काय घडलं, कार्यकर्ता काय म्हणाला, आणि कुठं लेखक अचानक मोघम होतो. तिसऱ्या रंगाच्या जागा सगळ्यात कामाच्या. 'त्या व्यक्तीशी सविस्तर बोलणे झाले' असं वाक्य आलं की समजायचं, इथं काहीतरी झाकलंय आणि ते झाकण्यासारखं होतं. प्रशिक्षणाच्या पुस्तिका, शिबिरांच्या वेळापत्रकांचे चक्रमुद्रित कागद, वर्गणीची पत्रकं हे सगळं गोळा करा, कारण सत्रात काय झालं हे कळलं नाही तरी सत्रात काय व्हावं असं वाटत होतं हे त्यातून कळतं. आणि मुलाखतीचं संमतीपत्र मराठीत, साध्या मराठीत करा. इंग्रजी संमतीपत्रावर सही घेतलेली मुलाखत माझ्याकडे एक आहे, ती मी वापरत नाही.

गेल्या महिन्यात वाळवा तालुक्यातल्या एका जुन्या कार्यकर्त्याकडे गेलो होतो. वय झालंय, ऐकू कमी येतं. दोन तास छान बोलले, सगळं रेकॉर्ड केलं, पद्धतीबद्दल इतकं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं. चहा आला. चहा झाल्यावर त्यांनी रेकॉर्डरकडे बोट करून तो बंद आहे का विचारलं. मी बंद केला आणि फोनही पिशवीत टाकला. मग ते एका घराबद्दल बोलले, पाऊण तास. माझ्या फील्ड डायरीत त्या दिवसाच्या पानावर वेळ लिहिलेली आहे, ४.१० ते ४.५५, आणि पुढं एवढंच: 'बोलणे झाले.'